नाल्यात थांबलेली बैलगाडी

पडद्यावरची बैलगाडी नाल्याच्या मधोमध थांबली आणि पुढे जाईना. मी माऊस दाबला. शंभरदा दाबला. माऊस केकाटायचाच काय तो बाकी राहिला.

बुलढाण्याचं सरकारी सभागृह, भर दुपार, पडदे ओढलेले. समोर मोठे साहेब. सोनाळ्यापलीकडच्या एका गावाला नाल्यावर पूल हवा होता, आणि तो मागायला साहेबांनी मोजून पाच मिनिटं दिलेली.

मागणी मुळात त्या गावच्या गुरुजींची. शेगावात माझं कॉम्प्युटर सेंटर होतं, तिथं ते बायकोला, म्हणजे काकूंना, घेऊन आले.

"नकाशावर गाडी चालवून दाखवता येईन काय? कागद वाचून साहेबाले झोप येते."

"गाडीच काय गुरुजी, म्हणसान तर पूर आणतो!" मी म्हणालो. गुरुजी हसले नाहीत.

तेव्हाच्या पॉवरपॉइंटमध्ये वस्तू हव्या त्या वाटेनं चालवायची सोय नव्हती. मग जुगाड असा: एकाच स्लाइडच्या चाळीस कॉप्या काढायच्या आणि प्रत्येकीत गाडी बोटभर पुढे सरकवायची. स्लाइडी भराभर बदलल्या की गाडी चालते. दर सेकंदाला स्लाइड आपोआप बदलेल असं मी लावलं. कुणाचा धक्का लागून घोळ नको म्हणून माऊसचं क्लिक बंद केलं, आणि ते स्वतःच विसरलो.

तालमीसाठी गुरुजींना 'रिहर्स टायमिंग्ज', म्हणजे तालमीचा वेळ मोजणारं घड्याळ, लावून दिलं. "बोलत बोलत एकेकदा कीबोर्डचं बटण दाबत जा," म्हणालो आणि चहा सांगायला गेलो. परतलो तर मशीन काहीतरी विचारत होतं. मी न वाचता 'यस' दाबलं.

आठवड्याने गुरुजी झोपेतच गेले. म्हणून सभागृहात बोलायला काकू उभ्या होत्या.

गाडी हलेना. साहेबांनी घड्याळ पाहिलं. आता पूल जातो, म्हणून मी कीबोर्डकडे झेपावलो. काकूंनी माझं मनगट धरलं. हात बर्फासारखा.

"हात नका लावू भाऊ. आमचे हे तिथं थांबतच होते."

"काऊन?"

"आमची पोरगी बाळंतपणाले नेतानी तिथंच गेली. लोंढा आला होता. तालमीतबी ते असेच चूप झाले."

तेवढ्यात घुंगरं वाजली. बैलाच्या गळ्यातली, ओली झाल्यासारखी, जड. माझ्या डोक्यावर केस असते तर छताला टेकले असते. साहेबांनीही मान वळवून मागे पाहिलं.

मग कुणीही हात न लावता गाडी हलली. नाला ओलांडून दवाखान्यापाशी जाऊन उभी राहिली.

"सर, टाइम झाला," क्लार्क म्हणाला.

"तुम्ही बसा हो," साहेब म्हणाले. "आजी, पुढं सांगा."

सेंटरवर येऊन पाहिलं. स्लाइडी ओळीनं मांडल्या की प्रत्येकीखाली तिचा वेळ दिसतो. बाकीच्यांखाली दोन-तीन सेकंद. नाल्याच्या स्लाइडखाली एक मिनिट सत्तेचाळीस. मशीननं विचारलं होतं, तालमीतला वेळ जपून ठेवू का? माझ्या 'यस'नं गुरुजींची चुप्पी जशीच्या तशी ठेवली होती.

दुसऱ्या पावसाळ्याआधी पूल झाला. तेव्हापासून मशीन काही विचारेल ते मी दोनदा वाचतो, मगच 'यस' म्हणतो.

घुंगरांचं मात्र मला विचारू नका. स्पीकर मी शेगावलाच विसरून आलो होतो.