निळ्या टाकीपाशी उजवीकडे

बालसंरक्षण कार्यालयाच्या गाडीवर बावीस वर्षं काढलेल्या या माणसाला कोणी कधी साहेब म्हटलं नाही. म्हटलं असतं, तर त्यानेच मागे वळून कोण साहेब आलेत ते पाहिलं असतं. ऑफिसात तो नुसता ड्रायव्हर होता. मुलांनी मात्र त्याला नाव दिलं होतं, वळणकाका. गाडी तो अशी चकचकीत ठेवायचा की आरशाचं काम पडू नये, आणि स्वतःचा शर्ट असा की रात्रभर उशीखाली ठेवला होता की काय असं वाटावं. "गाडीला इस्त्री करतो आणि शर्टाला विसरतो," असं ऑफिसातल्या बायका म्हणत, आणि तोही त्यांच्याबरोबर हसायचा.

त्याचं काम दिसायला सोपं होतं. एखाद्या घरी मुलांना सांभाळणारं कोणी उरलं नाही, की ऑफिसातल्या बाई तिथे जात. कागद होत, आणि मग मुलांना गाडीत बसवून बालगृहात न्यायचं. मुलं रडत, नाहीतर रडायचंही विसरत. सोबतच्या बाई पाठीवरून हात फिरवत. ड्रायव्हरने समोर बघून गाडी हाकावी, असा लेखी नसला तरी पक्का नियम होता.

हा माणूस समोर बघायचा खरा, पण तोंड मात्र बंद ठेवायचा नाही. गाडी गल्लीबाहेर पडली की सुरू व्हायचा, "हे बघ, इथे सायकलवाल्याचं दुकान. बाहेर जुनी चाकं टांगलीत. इथे आपण उजवीकडे वळलो. म्हणजे येताना?" मूल गप्प. मग तोच सांगायचा, "येताना डावीकडे." शाळा आली की शाळेच्या फाटकाचा रंग, पूल आला की पुलाखाली नदी आहे की नाला. खुणा संपल्या की शेवटी एक गोष्ट तो न चुकता सांगायचा, "आणि खूण सापडली नाही तर पुढे जायचं नाही. तिथेच बसायचं. मी येतो."

ही सवय त्याला लागली त्याला कारण होतं. तो सहा वर्षांचा असताना त्याच्या घरातलंही माणूस असंच संपलं होतं, आणि त्यालाही असंच एका गाडीतून आणलं होतं. त्या गाडीला मागे ताडपत्री होती. बाहेरचं काही म्हणता काही दिसलं नाही. उतरला तेव्हा समोर मोठं फाटक आणि आत पन्नास अनोळखी मुलं. आपलं घर कुठल्या बाजूला, हे तो भेटेल त्याला विचारायचा, आणि मोठी माणसं म्हणायची, "आता हेच तुझं घर." सातव्या वर्षी एक दिवस तो पळाला. दोन दिवस चालला. स्वयंपाकघरातल्या मावशीने त्याला शोधून काढलं, एक शब्द न बोलता जेवू घातलं आणि मग एक धपाटा दिला. मोठा होऊन गाडी चालवायला शिकल्यावर त्याला कळलं, की बालगृहापासून त्याचं घर चार गल्ल्यांवर होतं. तो दोन दिवस उलट्या दिशेने चालला होता.

त्या मावशीचं नाव घेतलं की त्याचे डोळे अजून भरत. तिने त्याला वाढवलं, लायसन्ससाठी तिनेच कोणाकोणाचे उंबरठे झिजवले. बालगृहाबद्दल त्याच्या मनात राग नव्हताच. ज्यांनी पोटाला घातलं, अंगाला पांघरूण दिलं, त्यांच्यावर राग धरायचा तर उपकार कोणाचे मानायचे? फक्त ती ताडपत्री त्याला विसरता येत नव्हती.

तर एका सकाळी त्याच्या गाडीत दोन भावंडं बसली. बहीण नऊ वर्षांची, भाऊ चार. भाऊ तिला ताई म्हणायचा, म्हणून सगळेच ताई म्हणू लागले. भावाचं नाव पिटू. आई लाँड्रीत कपड्यांना इस्त्री करायची. तिथेच चक्कर येऊन पडली. फुफ्फुसाचं दुखणं निघालं, निदान तीन महिने दवाखान्यात राहावं लागणार होतं. बाप पिटूच्या जन्माआधीच तोंड काळं करून गेला होता. शेजारणीने दोन दिवस मुलांना जेवू घातलं, पण तिच्याही घरात पाय ठेवायला जागा नव्हती. तिनेच ऑफिसला फोन केला.

ताई रडली नाही. पिटूला मांडीवर घेऊन खिडकीशी बसली आणि वळणकाकांचं एकूण एक वाक्य कान देऊन ऐकत राहिली. सायकलवाल्यापाशी उजवीकडे. हिरव्या फाटकाची शाळा. पूल. मग निळी टाकी, पाण्याची, उंच, चार पायांवर उभी. "निळ्या टाकीपाशी उजवीकडे," काका म्हणाले. "मग लाकडाची वखार, आणि वखारीनंतर बालगृह. म्हणजे येताना?"

"टाकीपाशी डावीकडे," ताई म्हणाली. त्या दिवशी ती एवढंच बोलली. काकांना फार बरं वाटलं. इतकी हुशार पोर आपल्या गाडीत पहिल्यांदाच बसली, असं त्यांनी ऑफिसात दोघा-तिघांना सांगितलंसुद्धा.

तीन आठवड्यांनी सकाळी साडेआठला ऑफिसात फोन आला. नाश्त्याच्या वेळी मोजणीत दोन मुलं कमी होती. ताई आणि पिटू. सात वाजता दुधाच्या गाडीसाठी फाटक उघडलं होतं, तेव्हाच दोघं निसटली असावीत.

ऑफिसात एकच धावपळ उडाली. कोणी स्टँडवर गेलं, कोणी पोलिसांकडे.  पोरांना रस्ता कोणी शिकवला, हे वळणकाकांना सांगायला कोणी ज्योतिषी नको होता. ऑफिसच्या प्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्या घाईने गाडीत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "घ्या स्टँडकडे."

"बाई, स्टँडवर नाहीत ती," काका म्हणाले. त्यांनी गाडी सरळ वखारीच्या रस्त्याला घातली.

वखार गेली. मुलं दिसेनात. मनातल्या मनात ते हिशेब करत होते: चार वर्षांचं पोर किती चालेल, पुलावर ट्रकची किती वर्दळ असेल. आणि मग टाकीचा चौक आला, तर टाकी पांढरीफेक. गेल्याच आठवड्यात कोणीतरी तिला नवा रंग दिला होता. रोज तिथून जाणाऱ्या माणसाने ते पाहिलं होतं आणि डोक्यात काही घेतलं नव्हतं.

टाकीच्या खाली सिमेंटच्या पायरीवर ताई बसली होती. पिटू तिच्या मांडीवर झोपलेला. त्याच्या पायात बूट नव्हते. तिने स्वतःचे मोजे त्याला घातले होते. गाडी पाहून ती उठली नाही, पळाली नाही. फक्त नाराजीने म्हणाली, "काका, तुम्ही निळी सांगितली होती."

"हो गं बाळा. चुकलं माझं."

"मला वाटलं ही दुसरीच टाकी आहे. मग मी पुढे गेले नाही. तुम्ही म्हणाला होता, मी येतो."

 काकांनी पिटूला उचललं आणि गाडीत झोपवलं. मोठ्या बाई पुढच्या सीटवर बसून आरशातून त्यांच्याकडे पाहत होत्या. सगळं त्यांच्या लक्षात आलं होतं.

दुपारी समितीची बैठक होती. मुलांचं काय करायचं ते ठरवणारी तीन माणसांची समिती, एका लांब टेबलामागे. बालगृहाच्या अधीक्षक बाईंचं म्हणणं सरळ होतं, आणि त्यांच्या जागी त्यांचं चूक होतं असंही नाही. पन्नास मुलांची जबाबदारी त्यांच्या मानेवर. पळून जाणाऱ्या मुलीला दुसऱ्या गावच्या उंच भिंतींच्या संस्थेत ठेवतात. लहान भाऊ इथेच राहील. कागद तयार होता, सह्या बाकी होत्या. त्या सह्या झाल्या असत्या, तर बहीण एका गावाला आणि भाऊ दुसऱ्या गावाला.

बावीस वर्षांत वळणकाकांनी त्या खोलीचा उंबरठा ओलांडला नव्हता. त्या दिवशी हातात गाडीची किल्ली घेऊन ते दारात उभे राहिले, आणि मग आत गेले. बसा म्हणायचं कोणाला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी ते बसले नसते.

"तिने पळायचं स्वतः ठरवलं असेल, पण रस्ता मी शिकवला," ते म्हणाले. "कागदावर लिहायचं तर माझं नाव लिहा. पोरीच्या नावापुढे पळपुटी लिहू नका. तो शब्द पुढे जन्मभर पाठ सोडत नाही."

समितीच्या अध्यक्षांनी चष्मा काढला. "मुलांना रस्ता सांगा, असं तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही, साहेब. मला कोणी सांगितला नव्हता, म्हणून मी सांगतो."

मग ताईला आत बोलावलं. तू का गेलीस, असं तिला विचारलं. अधीक्षक बाईंना वाटलं, जेवणाची तक्रार येणार. ती म्हणाली, "आई बरी होऊन घरी आली आणि आम्ही नसलो, तर ती आम्हाला कुठे शोधणार? तिला हा रस्ता माहीत नाही. ती गाडीत नव्हती."

 उत्तर मोठ्या बाईंनीच दिलं. त्यांनी कबूल केलं, की आई कुठे आहे, कशी आहे, कधी येणार, यातलं एक अक्षरही या मुलीला कोणी सांगितलं नव्हतं. आईला मुलांचा पत्ता दिला होता, पण आईला तो ठाऊक आहे, हे मुलीला सांगायचं राहून गेलं होतं. "ही आमची चूक आहे, ड्रायव्हरची नाही," त्या म्हणाल्या. "बरं झालं, त्यांनी तिला थांबायलाही शिकवलं होतं."

अधीक्षक बाईंनी तो तयार कागद स्वतःच्या हाताने फायलीतून काढून घेतला. हेही सांगायलाच हवं, कारण एवढा मोठेपणा सगळ्यांना जमत नाही. भावंडं एकत्र राहिली. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर दर शनिवारी त्यांना आईकडे न्यायचं ठरलं. वळणकाकांना मात्र ताकीद मिळाली, लेखी, शिक्क्यासकट. बालगृहाच्या परवानगीशिवाय मुलांना बाहेरचा रस्ता शिकवू नये, असं टाइप केलेलं. खाली मोठ्या बाईंनी पेनाने लिहिलं होतं: 'परवानगी आजपासून कायमची दिली आहे. सोबत आई-वडील कुठे आहेत, तेही मुलांना सांगत जावे.' असली ताकीद जगात कोणाला मिळाली असेल? काकांनी ती गाडीच्या कप्प्यात जपून ठेवली आणि भेटेल त्याला दाखवली.

शनिवारचा दवाखान्याचा रस्ताही ताईने पाठ केला. अंगणातल्या बाकावर आई थोडी लांब बसायची, तोंडाला फडकं बांधून, आणि पिटू तिला आठवड्याभराच्या भांडणांची यादी सांगायचा. चौथ्या महिन्यात ती बरी होऊन घरी आली. ऑफिसने घरी तपासणीला यायची, औषधांची आणि शाळेची सोय लावून दिली होती, आणि लाँड्रीच्या मालकिणीने काम राखून ठेवलं होतं. मग एका सकाळी वळणकाकांनी भावंडांना गाडीत बसवलं. या वेळी खुणा ताईने सांगितल्या, आणि काका निमूटपणे हुकूम पाळत गेले.

आई दारात उभी होती. पुढे काय झालं ते काकांनी पाहिलं नाही, कारण ते उगाचच टायर तपासायला वाकले होते. डोळे पुसून उभे राहिले, तर ती त्यांच्याच समोर. "तुम्ही केलंत ते मी कशाने फेडू?" ती म्हणाली. फेडायचं कसलं, असं ते पुटपुटले. तिची नजर त्यांच्या शर्टावर गेली. "तो काढा आधी," ती म्हणाली. "एवढं तरी करू द्या मला."

काका बनियनवर उंबरठ्याशी बसून राहिले, आणि ती आत इस्त्री करत होती. पिटूला याचं फार हसू येत होतं. कॉलरला, बाह्यांना, खिशाच्या कडांनासुद्धा तिने इस्त्री फिरवली. गरम शर्ट अंगात घातल्यावर काकांना वाटलं, मावशी असती तर आज म्हणाली असती, आता कुठे माणसात आलास.

ते गाडीत बसले, किल्ली फिरवली. तेवढ्यात ताई धावत आली आणि खिडकी धरून उभी राहिली.

"काका, आता तुम्हाला एकट्याला जायचंय ना? मग नीट ऐका." आणि तिने सांगायला सुरुवात केली. बाहेर चाकं टांगलेलं सायकलवाल्याचं दुकान, तिथे उजवीकडे. हिरव्या फाटकाची शाळा. पूल. "मग टाकी. ती आता पांढरी आहे, गोंधळू नका. तिथे उजवीकडे."

काकांनी गाडी बंद केली. साठीला आलेल्या त्या माणसाला आजवर कोणी एक वळणही सांगितलं नव्हतं. बावीस वर्षं तोंडपाठ असलेला तो रस्ता त्यांनी शेवटी येणाऱ्या वखारीपर्यंत नीट ऐकून घेतला.

"आणि खूण सापडली नाही तर?" त्यांनी विचारलं.

"तर तिथेच बसा," ताई म्हणाली. "मी येते."