उंबरा नसलेलं घर

आमच्या डोंगरात रान ग्वांगशू या बाईचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. म्हैस विकणार नाही म्हणाली, तर ती म्हैस गोठ्यातच म्हातारी होऊन मेली. आणि एकुलत्या एका लेकीला, माओरोंगला, ती म्हणाली होती, "त्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याशी लग्न केलंस तर तुझ्या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही मी."

लेकीने लग्न केलं. आईने पाय ठेवला नाही. बरं, भांडण म्हणावं तर तसंही नाही. माओरोंग दर नववर्षाला गावी यायची, आईच्या हातचं धुरावलेलं मांस पोटभर खायची आणि निघताना म्हणायची, "आई, एकदा चोंगचिंगला ये ना." आई चुलीत फुंकर घालत बसायची. रविवारी फोनवर पुन्हा तेच. अकरा वर्षं हे चाललं.

फोनवर माओरोंग चोंगचिंग शहराच्या गोष्टी सांगे. आमच्याकडे आगगाडी इमारतीच्या पोटातून जाते, आई. रस्त्यावरून आत शिरलं की आपण बाराव्या मजल्यावर असतो, आणि बारा मजले उतरलं की पुन्हा रस्ताच. ग्वांगशू म्हणायची, "थापा मारू नकोस. नवऱ्याने शिकवल्या वाटतं." लेक हसायची. एकदा म्हणाली, "आणि आमच्या घराला उंबराच नाहीये. तुझी शपथ मोडायचीच नाही. ये ना." त्या दिवशी ग्वांगशूने रागाने फोनच बंद केला.

गेल्या पानगळीत माओरोंगच्या डोक्यात ताप गेला आणि पाच दिवसांत ती गेली. जावई, श्यांग थोंग, अस्थींचा डबा मांडीवर घेऊन गाडीने आला. चार तासांत डोंगर, बोगदे, नद्या सगळं पार. तो बाहेरच्या मुलखातला, त्याला आमच्या रीती काय माहीत? वाटेत त्याने एकाही पुलावर तिच्या जिवाला हाक मारली नाही. आणि ग्वांगशू तेव्हा भिंतीकडे तोंड करून बसली होती, तिनेही विचारलं नाही.

मग स्वप्न सुरू झालं. धुकं, रुंद नदी, पलीकडच्या काठावर माओरोंग कठड्याला धरून उभी. एवढंच म्हणायची, "आई, ये ना." रोज तेच. दिवसासुद्धा भांडी घासताना मागून कुणी श्वास घेतल्यासारखं व्हायचं, आणि ग्वांगशू वळायचीच नाही. वळून कुणी नसलं तर, याची तिला भीती.

गावचा भगत, म्हातारा छिन, ऐकून म्हणाला, "अडकलीय ती. जीव पाणी ओलांडत नाही, हाक मारल्याशिवाय. जा आणि घेऊन ये. तिचं जुनं जाकीट ने, त्यात कच्चं अंडं गुंडाळ. जिथे राहत होती त्या दारातून सुरुवात कर. हाक मारायची, 'माओरोंग, घरी चल.' आणि घरच्या माणसाने तिच्या वतीने म्हणायचं, 'आले.' प्रत्येक पुलावर तसंच. ओ मिळाल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही."

"घरचं माणूस कुठून आणू? आमचा म्हातारा कधीच गेला."

"जावई आहे की."

"तो?"

"मग काय मी येऊ? माझे गुडघे बघितलेस का?" छिन म्हणाला.

म्हणून सत्तरीला टेकलेली ग्वांगशू पहिल्यांदा चोंगचिंगला आली. स्टेशनाबाहेर श्यांग थोंग उभा होता. दाढी वाढलेली, कामाचाच निळा सदरा. त्याने तिची पिशवी घेतली, जाकिटाला हात लावायला गेला तर तिने ते छातीशी ओढलं.

"आई, जेवलात?"

"मी जेवायला नाही आले."

मेट्रोच्या फाटकाशी तपासणीवाल्या मुलीने जाकीट उघडायला लावलं. "आजी, अंडं कच्चं आहे का?"

"हो."

"आत फुटलं तर?"

"फुटलं तर माझी लेक इथेच राहील."

मुलीने खिशातले मऊ कागद काढून अंड्याला गुंडाळले आणि सगळं जसंच्या तसं परत दिलं.

गाडी जमिनीवरून निघून उंचावर चढली. काचेबाहेर धुकं, आणि धुक्यातून इमारती एकीच्या डोक्यावर दुसरी अशा निघत होत्या. छपरावर रस्ता होता आणि त्या रस्त्यावर बस धावत होती. ग्वांगशू घट्ट दांडी धरून बसली. मग समोर एक भलीमोठी इमारत आली, गाडी थांबली नाही की वळली नाही, सरळ तिच्या पोटात शिरली. आत शिरताना ग्वांगशूला वरच्या खिडकीत कुणाचे तरी मोजे वाळत घातलेले दिसले.

आणि उजव्या कानाशी माओरोंग म्हणाली, सांगितलं होतं ना, आई?

ती चटकन वळली. शेजारी एक पोरगा मोबाइल बघत होता.

त्यानंतर ते थांबेचना. रस्त्यावरून एका दारात शिरले, तर लिफ्टमध्ये आकडा बारा. सांगितलं होतं ना? पन्नास पावलं पुढे केस उंच बांधलेली एक बाई हातात हिरव्या पातीची जुडी घेऊन चालली होती, खांदा वाकडा ठेवायचा माओरोंगचाच ढंग. ग्वांगशू हाक मारायला पुढे झाली. बाई जिन्याने खाली गेली, धुक्यात मिसळली. ही थाप नव्हती. एकही थाप नव्हती. अकरा वर्षं लेक जे बघत होती तेच सांगत होती, आणि आई तिला खोटारडी म्हणत होती. ग्वांगशू जिन्याच्या पायरीवर बसली.

श्यांग थोंग दोन पायऱ्या खाली थांबला. "पाय दुखतोय का? डावा?"

"तुला काय माहीत डावा?"

"तिने सांगितलेलं. अंगठ्याशी गाठ आहे म्हणून."

दिवस कलायला आला होता. घराचं दार श्यांग थोंगने उघडलं आणि तो आत जाऊन उभा राहिला. ग्वांगशू बाहेरच थांबली. तिने खाली पाहिलं. खरंच उंबरा नव्हता. नुसती पत्र्याची एक बोटभर पट्टी, झाडूसुद्धा अडायचा नाही अशी.

"आत या ना."

"इथूनच हाक मारते. तू 'आले' म्हण. मग पुलांवर जाऊ, आणि मग तुझी माझी वाट वेगळी."

तिने गुडघ्यांवर बसून पट्टीच्या अलीकडे जाकीट पसरलं, अंडं मधोमध ठेवलं. मान वर केली तेव्हा तिला चपला दिसल्या. दाराच्या आत, भिंतीशी, आत येणाऱ्याने सरळ पाय घालावा अशा ठेवलेल्या. घरात घालायच्या, जाड, जांभळ्या, कोऱ्या करकरीत. डाव्या चपलेची कड अंगठ्याशी कापलेली होती आणि कापलेल्या जागी बारीक टाके घालून मऊ कापड लावलं होतं. माओरोंग शिवणाच्या कारखान्यात होती, टाका तिचाच. हे कुणी ग्वांगशूला सांगायला नको होतं.

"दरवर्षी नव्या आणायची," श्यांग थोंग म्हणाला. "थंडी सुरू झाली की. जुन्या शेजारणीला द्यायची. मी म्हणायचो, अगं, त्या येत नाहीत. तर म्हणायची, आली आणि पायाला काही नसलं तर?"

ग्वांगशूने ओठ आवळले. रीत ती रीत. तिने दोन्ही हात जाकिटावर ठेवले आणि हाक मारली, "माओरोंग, घरी चल."

श्यांग थोंगने वाकून त्या चपला सरळ केल्या.

"माओरोंग, घरी चल गं." तिने त्याच्याकडे पाहिलं. "म्हण ना."

"नाही म्हणवत, आई." तो म्हणाला. "गावी न्या, मी अडवत नाही. पण तिच्या वतीने खोटं कसं बोलू? ती घरातच आहे. इथेच दाराशी उभी राहायची फोन करताना. ती कुठे अडकलेली नाही. ती तुमची वाट बघतेय."

जिन्याशेजारी कुणाची तरी लिफ्ट थांबली, पुन्हा निघाली. आतल्या खिडकीतून नदी दिसत होती, रुंद, आणि तिच्यावर धुकं. तोच काठ. ग्वांगशूला इतके दिवस वाटत होतं, स्वप्नातली लेक म्हणतेय, मला घेऊन जा. पण ती तसं एकदाही म्हणाली नव्हती. म्हणत होती तेच, जे अकरा वर्षं म्हणत होती. हाक लेकीने मारली होती. ओ द्यायची राहून गेली होती, ती आईकडून.

ग्वांगशूने प्रवासाचे बूट काढले. भिंतीला धरून उठली, पट्टी ओलांडली आणि डावा पाय जांभळ्या चपलेत घातला. गाठ बरोबर त्या मऊ कापडात बसली, कुठेही टोचलं नाही.

"आले," ती रिकाम्या खोलीला म्हणाली. "आले गं माओरोंग. उशीर झाला मला."

मग तिने जाकीट उचलून खुंटीवर टांगलं, अंडं हातात घेतलं आणि जावयाला विचारलं, "कढई कुठे ठेवते ती?"