रोह्यात स्वीडनच्या संघापुढे आमच्या मुली

नातीबरोबर रोह्याला जाण्याचा निर्णय माझा नव्हता. तो माझ्या सुनेचा होता. वैदेही सोळा वर्षांची, पेणच्या मुलींच्या फुटबॉल संघाची गोलरक्षक. मागील पावसाळ्यात झेप घेताना तिच्या गळ्याजवळचे हाड मोडले होते. ते नुकतेच सांधले होते, आणि आता सामना होता स्वीडनहून आलेल्या बायकांशी. सून म्हणाली, "आबा, तुम्ही बरोबर जात असाल तरच पाठवते. पुन्हा काही मोडलं, तर हा खेळ बंद." वैदेहीने जेवून लगेच हातमोजे पिशवीत भरले.

रोह्याला जाणाऱ्यांनी एस.टी.ऐवजी सकाळची पॅसेंजर गाडी धरावी. तिकीट स्वस्त आहे आणि वडखळच्या नाक्यावर ट्रकांमागे अडकावे लागत नाही. रोह्यापुढच्या नव्या लोहमार्गाचे काम चालू असल्याने गाडी वाटेत उगाच थांबते, एवढेच. कासू, नागोठणे, निडी. बाहेर पाहण्यासारखे पुष्कळ आहे; मी वैदेहीचा खांदा पाहत होतो.

संघातील बहुतेक मुली खाडीकाठच्या, मिठागरात राबणाऱ्या घरांतील. कर्णधार मंदा समोरच बसली होती.

"आजोबा, भाकरी खा ना. सुकट हाय हिच्यात."

"नको."

"आजोबांना भ्या वाटतंय गो," ती वैदेहीला म्हणाली. "आपन खेलाला चाललोय का लढाईला, इचार त्यांना."

भय वाटत नाही, असे मी सांगितले. ते खरे नव्हते.

रोहा स्थानकाबाहेर मिसळ बरी मिळते. तिखट किती, हे आधी विचारून घ्यावे. मैदान तेथून रिक्षाने जवळच आहे. स्वीडनच्या बायका तेथे आधीच पळत होत्या, आणि त्यांतील सर्वांत बुटकीसुद्धा आमच्या मंदाहून वीतभर उंच होती. त्यांच्यापैकी एकीचा पती धाटावच्या एका कंपनीत यंत्रे बसवण्यास आला होता. तिच्या आग्रहावरून संघ सुट्टीत येथे आला होता.

त्यांच्याबरोबर ब्रिता नावाच्या वृद्ध बाई होत्या. त्यांचे इंग्रजी मला कळेना. आखातातील बंदरावर आयुष्य काढून परतलेले माझे शेजारी उस्मानभाई सामना पाहायला आमच्याबरोबर आले होते, ते दुभाषी झाले. हा क्लब ब्रिताबाईंनीच बिस्किटांच्या कारखान्यातील मैत्रिणींना जमवून काढलेला. पुरुषांच्या क्लबाने त्यांना मैदान दिले, ते गोठलेले असतानाच. "म्हणजे बर्फावर आपटायला, गुरुजी," उस्मानभाईंनी पदरची भर घातली. मी शाळामास्तर होतो, त्यामुळे सारे मला गुरुजीच म्हणतात.

सामना सुरू झाला आणि चेंडू आमच्याच गोलासमोर राहिला. तेवढ्यात मंदा ओरडली, "खांड गेली!" उधाणाच्या भरतीने बांध फुटला की खाडीकाठी हीच हाक उठते, आणि हातचे काम टाकून सारे घर फुटल्या जागी धावते. आमच्या साऱ्या मुली आपापल्या जागा सोडून गोलात धावल्या व खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या. प्रेक्षक हसले. ब्रिताबाईही हसल्या, पहिले वर्षभर त्यांचा संघ असाच खेळला होता म्हणे. गोल मात्र होईना.

उत्तरार्धात तीच हाक पुन्हा उठली, आणि या वेळी ती भिंत वैदेहीच्या अंगावर कोसळली. एकेक मुलगी उठली. वैदेही उठली नाही.

मी मैदानात कसा पोहोचलो, ते मला आठवत नाही. तिचे डोळे उघडे होते, डावा हात उचलला जात नव्हता.

"आबा, बाहेर जा ना. सगळे बघतायत."

मंदाने तिच्या हातांतील मोजे काढून स्वतः चढवले. पुढे आम्ही हरलो. रोह्याच्या डॉक्टरांनी हाड दाबून पाहिले. हाड शाबूत होते. स्नायू दुखावला होता.

"ती पुन्हा खेळेल ना?" दवाखान्याबाहेर ब्रिताबाईंनी उस्मानभाईंकरवी विचारले. तिच्या आईची अट मी सांगितली. त्यांनी आपल्या क्लबाची गोष्ट सांगितली. त्यांच्याही गोलरक्षकाचे मनगट मोडले होते, आणि बायकांच्याच भल्यासाठी म्हणून संघ बंद करण्याचे ठरत होते. तेव्हा सर्वजणी पाळीपाळीने गोलात उभ्या राहू लागल्या. आजही त्या क्लबात नव्या मुलीला एक सामना गोलात काढावाच लागतो. परतीच्या गाडीत ही हकिकत मी मुलींना सांगितली.

घरी सुनेने खांद्यावर लेप लावला आणि खेळ बंद केला.

"मोडलं कुठे आई?"

"अजून नाही."

रविवारी सगळा संघ दारात उभा राहिला. "काकी, यापुढं गोलात पालीपालीनं," मंदा म्हणाली. "हिची पाली सगल्यांच्या शेवटी."

"तुझ्या आईला विचारलंस?"

"तिला काय इचारायचा? ती सोता खांडीत उभी रायते."

सून आत गेली आणि तिने सर्वांसाठी चहा टाकला.

वैदेही खेळते आहे. मीही प्रत्येक सामन्याला जातो. पूर्वी मला एकाच मुलीची काळजी वाटे. आता ते मोजे दर खेपेस नव्या हातांत असतात, आणि त्या मुलीची आई निघताना मला एवढेच म्हणते, "गुरुजी, तुम्ही हाव ना बरोबर?"