बसाप्पामामांचं लोखंड

कोणतीही वस्तू हातात आली की बसाप्पामामा ती आधी नखाने वाजवत, मग कानाशी नेत आणि शेवटी चक्क हुंगत. मी लग्न होऊन कळंबला आले त्याच आठवड्यात माझ्या माहेरच्या तांब्याची ही परीक्षा झाली. "पितळंच हाय, सूनबाई," ते म्हणाले, "पर बगून घेतल्यालं बरं." मला असा राग आला! माझ्या वडिलांनी दिलेल्या भांड्यावर संशय घेणारा हा कोण टिकोजीराव?

मामा आमचे भिंतीला भिंत लागून शेजारी. धंदा लाकूड कातण्याचा. गंगव्वामामी दोरी ओढून चरक फिरवत आणि मामा फिरत्या लाकडाला हत्यार लावत. बाकीचे कातारी लाटणी आणि पाळण्याच्या दांड्या करून पोट भरत. यांना भलताच नाद होता. लाकडी वाडग्याला ते कधी तांब्याचं रूप देत, कधी काशाचं, कधी काळ्या दगडाचं. खिळ्याने ठोके मारून हातोडीच्या खुणा उठवत. तुळजापूरच्या बाजारात लोक वाडगं जड समजून उचलत आणि दचकत, की मामांची कळी खुले. बुडाशी मात्र ते अंगठ्याएवढं लाकूड कोरं ठेवत. "बगणाऱ्याला फशिवतो म्या, घेणाऱ्याला न्हाय."

मला हे पटत नसे. दिवसभर खोटं रूप चढवत बसणारा माणूस मनाने तरी खरा कशावरून? त्यात त्यांची वाडगी पोलिसांच्या चौकीतही जात. निजामी अंमलाचे ते शेवटचे दिवस. माझे यजमान सरहद्दीपलीकडे, बार्शीच्या बाजूला निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या छावणीत होते. गल्लीत मी सांगितलं होतं, गिरणीत नोकरीला आहेत. एकदा आडावर मामा हळूच म्हणाले, "गिरणीतल्या माणसाची चिठ्ठी टपालानं येती, सूनबाई. तुमची भाकरीच्या फडक्यातून येती. जरा जपून." मी अर्धी कळशी तशीच उचलून घरी आले. तो इशारा होता की धमकी, मला कळेना. त्या दिवसापासून मी त्यांच्या खोकल्यावरही कान ठेवू लागले.

त्या सुमारास मामांना लोखंडाने पछाडलं होतं. हिरड्याचं पाणी, गंज, काजळी, काय काय उकळत होते. "लोखंड लई हट्टी. काळं करणं सोपं हाय, जुनं करणं अवघड," असं म्हणत. रंग ओला असताना आत धूळ बसू नये म्हणून दोन-दोन वाडगी तोंडाला तोंड लावून कोनाड्यात ठेवत. खिडकीतून ते काळे, खरबरीत गोळे मी पाहिले आणि झटकन बाजूला झाले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी झडती आली. पोलिसांचा अमीन, म्हणजे फौजदार, नवा होता. "तेरा मर्द किधर है?" त्याने विचारलं. मी गिरणीचं सांगितलं. त्याचा एक शिपाई सरळ ज्वारीच्या कणगीकडे निघाला. कणगीत चिठ्ठ्या होत्या. माझ्या तोंडून शब्द गेले, "शेजारी बघा. तिथं लोखंडाचे गोळे आहेत." ते लाकडाचे आहेत हे त्या क्षणी मला ठाऊक होतं की नव्हतं, हे आजही मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

ते तिकडे धावले आणि मी चिठ्ठ्या चुलीत घातल्या. पलीकडे त्यांनी बॉम्ब समजून गोळे लांबूनच काठीने पाडले. एकेका गोळ्याची दोन-दोन वाडगी होऊन गडगडली. आपली फजिती झाली म्हणून अमीन आणखीच चिडला. मामांना घेऊन गेले. गल्लीतलं कोण कोण पलीकडे गेलंय, एवढंच आठ दिवस विचारत होते. मामांनी एकही नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर पहिलं माझ्याच घरचं होतं. ते परत आले तेव्हा त्यांच्या उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती. पुढे चरक कधी फिरला नाही. गंगव्वामामी भाजी विकू लागल्या.

माफी मागायची म्हणून मी उंबऱ्यापर्यंत गेले. मी तोंड उघडायच्या आत मामाच म्हणाले, "सूनबाई, लई इचार केला. चुगली शिवप्पानंच केली. आदल्या दिशी त्योच रंग बगून गेला व्हता." शिवप्पा वाणी म्हणजे त्यांचा जन्माचा दोस्त, रोज संध्याकाळी शेजारी बसणारा. मला एवढंच म्हणायचं होतं, की नाही, मी केली. मी म्हटलं, "असेल."

शिवप्पाने गळ्यातलं लिंग हातात घेऊन शपथ घेतली. मामांनी पाठ फिरवली. निजामी गेली, माझे यजमान सुखरूप घरी आले, आम्हाला मुलगी झाली. रोज सकाळी मनाशी ठरवायची, आज सांगते. रोज भीती वाटायची. मी भ्याड होते, दुसरा शब्द नाही.

मामांच्या शेवटच्या दुखण्यात मीच पेज भरवत असे. एके दिवशी शिवप्पा आला आणि पायरीवर उभा राहिला. "बसाप्पा, एकदा बगू दे रे," एवढंच म्हणाला. मामांनी डोळे उघडले नाहीत. "सूनबाई, दार लावा," ते म्हणाले. "माजा तुमच्याबिगर कुणावर इस्वास न्हाय."

मी उठले आणि दार लावलं.