अंगणातला चिनी गुलाब

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मला ओझरच्या कारखान्यात नोकरी लागली आणि मी लगेच शहाणा झालो. मोटरसायकल घेतली, तेव्हा ती लावायला आडगावजवळच्या आमच्या घरापुढे कोबा हवाच, असं मी परस्पर ठरवून टाकलं.

जागा दोन खाटा मावतील एवढी. नुसता मुरूम आणि बांधकामाचा राडारोडा. तिथे आईने चिनी गुलाब लावला होता. लावला कसला, कुठूनशा आणलेल्या चार काड्या खोचल्या होत्या. ना खत, ना लाड. दोन वर्षांत त्या बोटभर उंचीच्या रोपांनी सगळा मुरूम झाकला. मे महिन्यात शेजारचे मोठे गुलाब माना टाकायचे, हा मात्र रसरशीत. मला तेव्हा त्याचं काडीचं कौतुक नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी आठला गवंडी आला. हरसूलकडचा, कमी बोलणारा माणूस. ही फुलं ऊन चढल्यावर उघडतात, म्हणून तर लोक त्यांना 'ऑफिस टाइम' म्हणतात. त्या वेळी ती मिटलेली होती.

"ही घोळीची भाजी हाय का?" त्याने विचारलं.

"काहीही असो, उपटा," मी म्हणालो.

"आधी चहा घ्या," आई म्हणाली. चहानंतर पोहे आले, पोह्यांनंतर पुन्हा चहा. मग तिने त्याच्या मुलींची, गावाकडच्या भाताची चौकशी काढली. एरवी दारी आलेल्याला दोन शब्दांत वाटेला लावणारी आमची आई! मी घड्याळ बघत धुमसत होतो.

साडेनऊच्या सुमारास ऊन मुरुमावर आलं. राणी, पिवळी, केशरी, पांढरी फुलं एकेक करत उघडली. इतकी, की पान दिसेना. मधमाश्या जमल्या. मी रोज सातला घर सोडायचो आणि सुट्टीला मित्रांकडे पळायचो, त्यामुळे हे कधी पाहिलंच नव्हतं. त्या भिकार जमिनीतून एवढं वैभव! मी खरंच थक्क झालो.

गवंड्याने हातातली थापी पिशवीत टाकली.

"भाऊ, ह्याच्यावर माल टाकायला मला नाय जमायचं. दुसरा माणूस बघा."

तो गेल्यावर मी आईला म्हणालो, "अगं, सरळ नको म्हणायचंस ना. एवढा खटाटोप कशाला?"

ती कपबशा गोळा करत होती. वर न बघताच म्हणाली, "तू विचारलंस कुठे?"