आई म्हणाली, मला वसतिगृहाची सवय आहे

मंडळी, आज दादा आणि मी आईला घेऊन डोंगरीजवळची ज्येष्ठांसाठीची एक वसाहत बघायला गेलो होतो. हट्ट आईचाच. आम्ही कामावर गेलो की मीरा रोडच्या फ्लॅटमध्ये ती दिवसभर एकटी असते.

तिथल्या जेवणघरात चार-पाच आज्या शेंगा सोलत गप्पा मारत होत्या. आई त्यांच्यातच जाऊन बसली.

दादाला राहवेना. "आई, लोक म्हणतील पोरांनी आईला टाकलं."

आई हसली. "दहा वर्षांची होते, तेव्हा आबांनी मला जालन्याला मुलींच्या वसतिगृहात ठेवलं. तेव्हाही गाव म्हणालं, पोरीला टाकलं. महिनाभर रडले रे. मग अशा मैत्रिणी मिळाल्या की सुट्टीत घरी करमेना. एकमेकींच्या वेण्या घालायचो, एका कंदिलाभोवती अभ्यास करायचो. तिथं राहिले म्हणून नर्स झाले."

दादाचे डोळे भरले. "पण मला नाही करमणार तुझ्याशिवाय."

"आबांनाही नाही करमलं. दर रविवारी यायचे भेटायला."

दादाने डोळे पुसले. मग म्हणाला, "रविवारी मला सुट्टीच असते," आणि तिथल्या ऑफिसातून प्रवेशाचा फॉर्म आणायला गेला.

तुमच्या घरी हा विषय निघालाय का? पहिल्यांदा कोणी काढला?