साक्षीदार म्हणून सही

सर म्हणाले, "बसा." समोरच्या खुर्चीवर फायली होत्या. त्यांनी उचलल्या नाहीत, मीही नाही. उभी राहिले. शेजारी माझी मुलगी शीतल. सव्वीस वर्षांची, पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला. शाळेत पालकांना बोलावतात तसं तिच्या गाइडने, म्हणजे या सरांनी, मला माटुंग्याला त्यांच्या केबिनमध्ये बोलावलं होतं.

"लालबागला राहता ना? तरीच. फेलोशिप म्हणजे मंडळाची वर्गणी वाटते तुम्हाला. दारात उभं राहिलं की मिळालीच पाहिजे."

बाजूला बसलेले दोन विद्यार्थी हसले. मीही हसले. हे लिहून ठेवते.

फेलोशिप सरकारी. शीतलने परीक्षा देऊन मिळवलेली. पण ती चालू राहायची तर दरवर्षी गाइडने 'काम समाधानकारक' लिहून सही करावी लागते. सरांनी ती अडवली होती, कारण शीतल तिची प्रयोगांची वही देत नव्हती. तिचे दोन वर्षांचे प्रयोग सरांना मित्राच्या मुलीच्या नावावर छापायचे होते. त्या मुलीला परदेशी जायचं होतं.

आदल्या दिवशी मीच शीतलला समजावलं होतं. "सही घे आणि मोकळी हो. मान काय चाटायचाय?"

"आई, काम माझं आहे."

"डिग्री मिळाली की कर ना काम. आयुष्यभर कर."

साहेबाशी भांडून आमच्या घरात कुणाचं भलं झालेलं मी पाहिलं नव्हतं.

सरांनी कोरा कागद पुढे केला. ते सांगत गेले, शीतल टेबलाच्या कडेवर उभ्यानेच लिहीत गेली. हे प्रयोग मी केलेले नाहीत. मी फक्त मदत केली. वही मी चुकून स्वतःच्या नावाने ठेवली. 'चुकून'पाशी ती थांबली. माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "लिही."

तिने लिहिलं. खाली सही केली.

मग सरांनी कागद माझ्याकडे सरकवला. "आता तुमची. साक्षीदार म्हणून. मराठीत केलीत तरी चालेल."

मी परळच्या एका इस्पितळात लॅब टेक्निशियन आहे. रोज रिपोर्टांवर सह्या करते. न बघितलेल्या स्लाइडवर कधी केलेली नाही, मोठ्या डॉक्टरांनी घाई केली तरी नाही. पेन कागदावर टेकलं आणि पुढे जाईना. मुलीला मी खोटं लिहायला लावलं होतं. स्वतःची सही मात्र मला जपायची होती. हे तिथे, उभ्या उभ्या कळलं.

कागदाची घडी करून मी पर्समध्ये टाकली.

"जे बघितलं नाही त्यावर मी सही करत नाही, सर. मी हिला रविवारीसुद्धा प्रयोगाला जाताना बघितलंय."

"छान," सर म्हणाले. "मग मीपण करत नाही." आणि शीतलचा फेलोशिपचा फॉर्म तसाच परत दिला.

मुदत संपली. फेलोशिप थांबली. गाइड बदलायचा तर त्यासाठीही सरांचंच पत्र लागतं. शीतल आता दादरच्या एका क्लासमध्ये अकरावीला केमिस्ट्री शिकवते. त्या दिवसाबद्दल ती एकदाच बोलली. "तू नाही केलीस सही. मला करायला लावलीस."

विद्यापीठाकडे तक्रार मी माझ्या नावाने लिहिली. पर्समधला तो कागद जोडला, वहीच्या पानांच्या झेरॉक्स जोडल्या. कागदावरचा मजकूर कुणी सांगितला, कुणी लिहिला आणि 'लिही' कोण म्हणालं, तेही शेवटी घातलं. खिडकीवरच्या क्लार्कने सगळं वाचलं. हळू आवाजात म्हणाला, "मावशी, हे शेवटचं वाक्य काढा. तुमच्याच अंगावर येईल. आणि चौकशी कमिटीत सगळी सरांचीच माणसं आहेत."

"माहीत आहे. शिक्का मारा."

"काही होणार नाही हो."

"नाही झालं तर पुढच्या महिन्यात परत आणेन."

तीनदा अर्ज नेला आहे. उत्तर नाही. चौथा अर्ज लिहून तयार आहे. त्यातही ते वाक्य आहे, आणि ते मी काढणार नाही.